सूत्री विभाजन: दोन्ही पेशींना सारखीच गुणसूत्रं कशी मिळतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सूत्री विभाजनाच्या, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याच्या, पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था यांच्या आकृत्या पाठ आहेत, पण दोन्ही नव्या पेशींना तीच आणि तेवढीच गुणसूत्रं मिळतील याची खात्री पेशी कशी करते? आणि माणसाच्या पेशीत मध्यावस्थेला गुणसूत्रं ४६ म्हणायची की ९२?

माझं काम गुणसूत्र-तपासणीच्या प्रयोगशाळेतलं. मध्यावस्थेत थांबवलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली रोज पाहायच्या, त्यांतली गुणसूत्रं मोजायची आणि तपासायची. त्यामुळे आधी मोजणीचंच सांगतो, कारण ती नीट कळली की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

मोजताना नियम एकच: गुणसूत्रबिंदू मोजा. जेवढे गुणसूत्रबिंदू वेगवेगळे दिसतात तेवढी गुणसूत्रं. मध्यावस्थेत प्रत्येक गुणसूत्र दुहेरी असतं, त्यात दोन अर्धगुणसूत्रं असतात, पण ती गुणसूत्रबिंदूपाशी एकत्र बांधलेली असतात. म्हणून माणसाच्या पेशीत तेव्हा गुणसूत्रं ४६, अर्धगुणसूत्रं ९२ आणि डीएनएचे रेणूही ९२. पश्चावस्थेत जोड्या सुटल्या की प्रत्येक अर्धगुणसूत्र स्वतंत्र गुणसूत्र गणलं जातं. पेशी अजून एकच असते, पण आता तिच्यात ९२ गुणसूत्रं असतात. ती ४६-४६ अशी दोन टोकांना जातात. परीक्षेत याच एका बदलावर बहुतेक मुलं अडखळतात. डीएनए दुप्पट होतो तो विभाजनाच्या आधी आणि गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते ती पश्चावस्थेत. या दोन गोष्टींमध्ये तासन् तास जातात आणि त्या सगळ्या वेळात दोन्ही प्रती एकमेकींना धरून असतात.

हे धरून राहणं हाच माझ्या मते सूत्री विभाजनाचा गाभा आहे. आकृत्यांमध्ये गुणसूत्रं दोन टोकांना जाताना दिसतात, म्हणून आपलं सगळं लक्ष ओढण्याकडे जातं. पण दोन प्रती शेवटपर्यंत एकत्र बांधलेल्या नसत्या, तर पेशीला कोणती प्रत कुणाची जोडीदार हे कळायला काहीच मार्ग उरला नसता. सारख्या दिसणाऱ्या ९२ धाग्यांची ४६-४६ अशी बिनचूक वाटणी करणं मग अशक्यच.

बांधणी कधी होते? डीएनएची प्रतिकृती तयार होते त्याच वेळी. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीचं पूर्ण चक्र साधारण २४ तासांचं धरलं, तर प्रतिकृतीला सुमारे ८ तास लागतात आणि प्रत्यक्ष सूत्री विभाजन जेमतेम तासाभरात उरकतं. बाकीचा वेळ वाढ आणि तयारी. म्हणून अंतरावस्थेला, म्हणजे दोन विभाजनांमधल्या काळाला, विश्रांतीची अवस्था म्हणू नका, जुन्या पुस्तकांत तसं लिहिलेलं असलं तरी. प्रतिकृती होत असताना कोहेसिन नावाचं कडीच्या आकाराचं प्रथिन-संकुल दोन्ही प्रतींना मिळून वेढा घालतं. १९९७ मध्ये यीस्टवरच्या संशोधनातून कोहेसिनचे घटक ओळखले गेले आणि विभाजनाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. प्रत तयार झाली की लगेच बांधली, त्यामुळे जोडीदार शोधायची वेळच येत नाही.

आता पूर्वावस्था. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो, आणि तो ज्या केंद्रकात मावतो त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका किंवा त्याहून कमी. इतके लांब धागे तसेच ओढायला गेलं तर ते एकमेकांत अडकून तुटतील. म्हणून कंडेन्सिन या दुसऱ्या संकुलाच्या मदतीने डीएनएचे वेढे घालून, ते वेढे पुन्हा घट्ट करून आखूड, जाड गुणसूत्रं तयार होतात. त्याच वेळी टोपोआयसोमरेज नावाचं विकर एकमेकांत गुंतलेले डीएनए तात्पुरते कापून, सोडवून पुन्हा जोडतं. या विकराचं नाव शालेय पुस्तकात सहसा येत नाही, पण त्याच्याशिवाय पुढे काहीच नीट होणार नाही. केंद्रकी दिसेनाशी होते आणि जनुकांचं वाचन जवळजवळ बंद पडतं. प्राणिपेशीत तारककेंद्रांच्या दोन जोड्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि त्यांच्याभोवती सूक्ष्मनलिकांची रचना, म्हणजेच तर्कू, उभी राहू लागते. वनस्पतीच्या पेशीत तारककेंद्रं नसतात आणि तरीही तर्कू व्यवस्थित तयार होतो, तेव्हा तारककेंद्राशिवाय विभाजन होतच नाही असं उत्तरात लिहू नका.

हे सगळं पहिल्यांदा नीट क्रमाने पाहिलं ते वाल्टर फ्लेमिंग यांनी. सॅलमँडरच्या अळीच्या पेशी मोठ्या असतात, गुणसूत्रं जाड असतात आणि त्या काळात नव्याने आलेले कृत्रिम रंग त्यांच्यावर छान बसत. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातली चित्रं आजही समोर ठेवून शिकवता येतील इतकी नेमकी आहेत. विशेष म्हणजे गुणसूत्र लांबीच्या दिशेने उभं दुभंगतं हे त्यांनी हेरलं. आडवं तुटलं असतं तर दोन पेशींना वेगवेगळा मजकूर गेला असता. उभं दुभंगलं म्हणजे दोघींना सारखाच. डीएनए म्हणजे काय हे कुणालाही माहीत नसताना केलेलं हे निरीक्षण आहे.

यानंतरचा टप्पा म्हणजे पूर्वमध्यावस्था. बऱ्याच पुस्तकांत तिला जागाच नसते आणि पूर्वावस्थेवरून थेट मध्यावस्थेवर उडी मारलेली असते. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

केंद्रकाचं आवरण फुटतं आणि सूक्ष्मनलिकांना गुणसूत्रांपर्यंत वाट मोकळी होते. या नलिका ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या असतात आणि त्या कधीच स्थिर नसतात. वाढता वाढता अचानक कोसळतात, पुन्हा वाढू लागतात. हा स्वभाव टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी १९८४ मध्ये दाखवून दिला. याचा उपयोग असा की नलिका सगळ्या दिशांनी चाचपत राहतात. एखादीचं टोक गुणसूत्रबिंदूवरच्या प्रथिनांच्या चकतीला, म्हणजे कायनेटोकोअरला लागलं तर ती टिकते. नाही लागलं तर विरघळते आणि तिचेच घटक वापरून दुसरीकडे नवी नलिका उभी राहते. प्रत्येक अर्धगुणसूत्राला आपला एक कायनेटोकोअर असतो. जोडीतले दोन कायनेटोकोअर पाठीला पाठ लावून विरुद्ध दिशांना तोंड करून असतात, त्यामुळे एकाला एका ध्रुवाकडची, म्हणजे तर्कूच्या एका टोकाकडची, नलिका आणि दुसऱ्याला दुसऱ्या ध्रुवाकडची मिळण्याची शक्यता वाढते. माणसाच्या पेशीत अखेर एकेका कायनेटोकोअरला साधारण १५ ते २० नलिका चिकटतात.

पण चाचपडण्यात चुका होणारच, आणि होतातही. दोन्ही कायनेटोकोअर एकाच ध्रुवाला जोडले जातात, किंवा एकाच कायनेटोकोअरला दोन्ही ध्रुवांकडच्या नलिका चिकटतात. आता पेशीला डोळे नाहीत, कोणती नलिका कुठून आली हे तिला दिसत नाही. तिला कळतो तो ताण. रस्सीखेचीत दोर ताठ होतो तो दोन्ही बाजूंनी ओढलं आणि मध्ये कुठे सुटलेला नसला तरच. तसंच इथे. दोन अर्धगुणसूत्रं विरुद्ध ध्रुवांकडे ओढली जात असतील आणि कोहेसिनने ती एकत्र धरलेली असतील, तरच गुणसूत्रबिंदूपाशी ताण येतो. दोघी एकाच बाजूला ओढल्या गेल्या तर ताण नाही. ताण नसलेल्या जागी अरोरा-बी नावाचं विकर कायनेटोकोअरची पकड सैल करतं, नलिका सुटते आणि पुन्हा चाचपणी सुरू होते. ताण असेल तर कायनेटोकोअरची पकडणारी बाजू या विकराच्या आवाक्याबाहेर ओढली जाते आणि जोड पक्का होतो. म्हणजे बरोबर जोड टिकतो, चुकीचा जोड आपोआप सुटतो. ब्रूस निकलस यांनी तर नाकतोड्याच्या विभाजित होणाऱ्या पेशीत अतिशय बारीक सुईने गुणसूत्राला बाहेरून ओढ देऊन पाहिलं. एरवी सुटून जाणारा चुकीचा जोडसुद्धा त्या कृत्रिम ताणाने टिकून राहिला. त्या पेशी अर्धसूत्री, म्हणजे बीजपेशी तयार करणाऱ्या, विभाजनातल्या होत्या, पण तत्त्व तेच.

कोहेसिनची कामगिरी इथे लक्षात येईल. दोन प्रती बांधलेल्या नसतील तर ताणच निर्माण होणार नाही, आणि ताण नसेल तर जोड बरोबर की चूक हे ठरवता येणार नाही.

मध्यावस्थेत सगळी गुणसूत्रं पेशीच्या मधोमध एका पातळीत येतात. आकृतीत ती स्तब्ध दिसतात, पण जिवंत पेशीचं चित्रीकरण पाहिलंत तर ती सतत थोडी इकडे, थोडी तिकडे हलत असतात. पेशी या वेळी वाट पाहत असते. एकही कायनेटोकोअर नलिकेशिवाय उरला असेल तर तो 'थांबा' असा संदेश पसरवत राहतो. मॅड आणि बब या नावांची जनुकं १९९१ मध्ये यीस्टमध्ये सापडली, त्यांची प्रथिनं हा संदेश तयार करतात. नलिकेशिवायच्या कायनेटोकोअरवर मॅड-२ हे प्रथिन आकार बदलून सक्रिय होतं आणि पुढच्या टप्प्याची किल्ली ज्याच्याकडे आहे त्या संकुलाला अडवून धरतं.

एका कायनेटोकोअरचा संदेश सगळ्या पेशीला पुरतो का? १९९५ मध्ये कॉन्ली रीडर आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. त्यांनी पोटोरू या लहान शिशुधानी प्राण्याच्या पेशी घेतल्या, कारण त्यांत गुणसूत्रं मोजकी असतात आणि पेशी चपट्या राहतात. एकच कायनेटोकोअर जोडायचा राहिला आहे अशी पेशी शोधून त्यांनी तेवढाच एक लेसरने नष्ट केला. ते गुणसूत्र नीट जोडलेलं नव्हतंच, तरीही थोड्याच वेळात पेशी पश्चावस्थेत गेली. थांबवणारा संदेश त्या एका ठिपक्यातून येत होता, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा प्रयोग मला दुसरा माहीत नाही. विद्यार्थ्यांना मी नेहमी हा सांगतो.

शेवटचा कायनेटोकोअर जोडला गेला की संदेश थांबतो आणि एपीसी हे संकुल मोकळं होतं. ते दोन प्रथिनांवर 'नष्ट करा' अशी खूण लावतं. पहिलं सेक्युरिन. याने सेपरेज नावाच्या कात्रीला इतका वेळ बंद ठेवलेलं असतं. सेक्युरिन गेलं की सेपरेज कोहेसिनची कडी कापतं आणि सगळ्या जोड्या जवळजवळ एकाच वेळी सुटतात. दुसरं सायक्लिन-बी. पेशीला विभाजनात नेणारं आणि तिथे ठेवणारं विकर याच्या जोरावर चालतं, तेव्हा सायक्लिन गेलं की पेशीची परतीची वाट सुरू होते. दर विभाजनाला साठणारं आणि मग नाहीसं होणारं हे प्रथिन टिम हंट यांना १९८२ मध्ये समुद्री साळिंदराच्या (सी अर्चिन) अंड्यांवर काम करताना दिसलं. त्याबद्दल आणि पेशीचक्राच्या नियंत्रणावरच्या कामाबद्दल २००१ चं नोबेल त्यांना, लीलंड हार्टवेल आणि पॉल नर्स यांच्याबरोबर मिळालं. प्रथिन नष्ट करण्याची ही पद्धत मुद्दाम लक्षात ठेवा. कापलेली कडी पुन्हा जोडता येत नाही, नष्ट झालेलं सायक्लिन लगेच परत येत नाही, म्हणून पश्चावस्था सुरू झाली की मागे फिरणं नाही. म्हणूनच तर त्याआधी इतकी तपासणी.

आता ओढण्याचं. गुणसूत्रं ध्रुवांकडे मिनिटाला साधारण १ मायक्रोमीटर या वेगाने जातात. 'तर्कूतंतू आकुंचन पावतात' असं वाक्य अनेक उत्तरांत असतं, ते चूक आहे. तंतू स्नायूसारखे आकसत नाहीत, तर टोकांपासून विरघळत आखूड होतात, आणि कायनेटोकोअर विरघळत्या टोकाला धरूनच राहतो. हे धरून राहण्याचं काम करणारी प्रथिनं शोधण्यात अनेक प्रयोगशाळांची वर्षं गेली आहेत. याच्या जोडीला मधल्या भागातल्या, एकमेकींवर चढलेल्या नलिका घसरत दोन्ही ध्रुवांना एकमेकांपासून दूर ढकलतात. म्हणजे ओढणंही आहे आणि ढकलणंही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो आमच्यासारख्यांच्या कामामुळेच पसरला आहे. गुणसूत्र म्हटलं की फुलीचा आकार डोळ्यांसमोर येतो. तपासणीसाठी आम्ही रक्तातल्या पांढऱ्या पेशी साधारण ३ दिवस वाढवतो, त्यांत कोल्सेमिड घालून तर्कू मोडतो आणि पेशी मध्यावस्थेच्या आसपास अडकवतो. मग सौम्य क्षारद्रावणात त्या फुगवतो, स्थिर करतो आणि काचपट्टीवर थेंब टाकून पसरवतो. अडकलेल्या पेशीत वेळ जातो तसं भुजांवरचं कोहेसिन निघत राहतं. गुणसूत्रबिंदूपाशी मात्र शुगोशिन हे प्रथिन त्याला राखतं. म्हणून भुजा फाकतात, मधला भाग जोडलेला राहतो आणि फुली दिसते. नेहमीच्या, न अडवलेल्या विभाजनात भुजा इतक्या फाकायला सहसा वेळच मिळत नाही. आणि अंतरावस्थेत तर फुलीही नाही, जाड गुणसूत्रही नाही. तरीही या पद्धतीचे उपकार मोठे आहेत. माणसाची गुणसूत्रं ४८ आहेत असं १९२३ पासून मानलं जात होतं. पेशी फुगवून पसरवण्याची युक्ती हाती आल्यावर जो हिन तियो आणि अल्बर्ट लेव्हान यांनी १९५६ मध्ये स्वीडनमधून ती ४६ असल्याचं प्रसिद्ध केलं.

अंत्यावस्थेबद्दल फार सांगत नाही, तुम्हाला ती येते. गुणसूत्रं सैल होतात, भोवती आवरण येतं, केंद्रकी परत दिसते. प्राणिपेशीत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन यांचं कडं मधोमध आवळत जातं आणि पेशीद्रव्य दोन भागांत विभागलं जातं. वनस्पतीत बाहेर कठीण भित्तिका असल्याने आवळणं शक्य नाही, तिथे गॉल्जी पिंडातून आलेल्या पुटिका मध्यभागी जमून आतून बाहेर वाढणारी पेशीपट्टी तयार करतात. तंतुकणिकांच्या वाटणीसाठी मात्र गुणसूत्रांसारखी काटेकोर व्यवस्था नसते. त्या संख्येने पुष्कळ असतात आणि पेशीभर पसरलेल्या असतात, त्यामुळे दोन्हीकडे पुरेशा जातात. जे एकेकच आहे आणि चुकलं तर भरून निघणार नाही, त्याच्यासाठीच पेशीने ही सगळी यंत्रणा ठेवली आहे.

यंत्रणा चुकते तेव्हा काय होतं? सगळ्यांत त्रासदायक चूक म्हणजे एकाच कायनेटोकोअरला दोन्ही ध्रुवांकडच्या नलिका चिकटणं. त्यात नलिका जोडलेल्या असतात आणि काही ताणही असतो, त्यामुळे 'थांबा' हा संदेश बंद होतो. पश्चावस्थेत ते गुणसूत्र मध्येच रेंगाळतं. कधी शेवटी योग्य बाजूला पोचतं, कधी चुकीच्या, कधी दोन्हीकडून वगळलं जाऊन त्याचं वेगळंच लहानसं सूक्ष्मकेंद्रक बनतं. अशा सूक्ष्मकेंद्रकात डीएनएची मोडतोड होते, आणि कर्करोगाच्या पेशींत गुणसूत्रांचे तुकडे उलटसुलट जोडलेले सापडतात त्यामागचं हे एक कारण आहे. गुणसूत्रांच्या चुकीच्या वाटणीतून गाठी होऊ शकतात हा विचार थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ मध्येच मांडला होता. गर्भाच्या सुरुवातीच्या विभाजनांत अशी चूक झाली, तर शरीरातल्या काही पेशींत ४६ आणि काहींत ४७ किंवा ४५ गुणसूत्रं असं मिश्रण तयार होतं. अहवालात आम्ही त्याला मोझेइक म्हणतो. अशी शंका असली की नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त पेशी मोजाव्या लागतात. डाउन सिंड्रोमची बहुसंख्य उदाहरणं मात्र अर्धसूत्री विभाजनातल्या चुकीची असतात, ती इथे मिसळू नका.

पेशी स्वतः करते त्या जोडांच्या तपासणीचा कर्करोगाच्या उपचारात उपयोग होतो. सदाफुलीतून मिळणारं व्हिनक्रिस्टिन नलिका बनू देत नाही, यू वृक्षाच्या सालीतून सापडलेलं टॅक्सॉल त्या विरघळू देत नाही. परिणाम विरुद्ध, तरी दोन्हींमुळे कायनेटोकोअरचे जोड नीट जमत नाहीत. पेशी एकतर मध्यावस्थेत अडकून मरते किंवा चुकीची वाटणी घेऊन बाहेर पडते आणि मग मरते. वेगाने विभागणाऱ्या निरोगी पेशींनाही याचा फटका बसतो. शिवाय चेतापेशींच्या लांब तंतूंतली वाहतूक याच नलिकांवरून चालत असल्याने, त्या पेशी विभागत नसूनही हातापायांना मुंग्या येतात.

शेवटी प्रयोगाचं, कारण कांद्याच्या मुळाची स्लाइड तुम्हाला करायचीच आहे. टोकाचा १ ते २ मिलिमीटर भागच घ्या, वरच्या भागातल्या पेशी वाढतात पण विभागत नाहीत. अ‍ॅसेटिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात स्थिर करून, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ केल्याशिवाय पेशी एकमेकींपासून सुटणार नाहीत. आच्छादक काच ठेवून दाबताना ती सरकू देऊ नका. कांद्यात गुणसूत्रं १६ असतात आणि ती मोठी असतात, त्यामुळे नवख्यालाही दिसतात. मग निदान काहीशे पेशी मोजा आणि प्रत्येक अवस्थेतल्या किती ते लिहा. पेशी एकमेकींशी वेळ जुळवून विभागत नाहीत, म्हणून ज्या अवस्थेला जास्त वेळ लागतो तिच्या पेशी जास्त सापडतात. बहुतेक अंतरावस्थेतल्या असतील, विभाजनातल्यांत पूर्वावस्थेच्या सर्वाधिक. पश्चावस्थेच्या शोधाव्या लागतील, कारण जोड्या सुटल्यावर ती फार लवकर उरकते.